पुस्तक कपाटात, नोंद बेपत्ता

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी अकरावीतली एक मुलगी आमच्या वाचनालयात आली. तिला शाहीर अमर शेख यांच्यावर निबंध लिहायचा होता. मी ऐटीत कीबोर्ड पुढे ओढला, 'अमर शेख' टाइप केलं. स्क्रीनवर उत्तर आलं, एकही नोंद सापडली नाही. तिला तसं सांगितलं. ती वळून निघालीही होती. तेवढ्यात काउंटरवरच्या आपांनी तिला हाक मारली, मागच्या कपाटातून 'कलश' काढून तिच्या हातात ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बेटा, तुझ्या कॉम्प्युटरला विचार, मग हे काय आहे?"

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. अमर शेख बार्शीचे. शाहिराच्याच जिल्ह्यात, पुस्तक चार पावलांवर असताना, मी ते नाही म्हणून सांगितलं होतं. आणि ती यादी मीच तयार केली होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून घरी आलो, कंपनीने घरूनच काम करू दिलं आणि शनिवारी वाचनालयात बसायची सवय लागली. महाराष्ट्रात १९६७ सालच्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. आमचं 'क' वर्गातलं. आपा तिथे बावीस वर्षं आहेत. सकाळी कुलूप उघडण्यापासून संध्याकाळी वर्तमानपत्रं लावून ठेवण्यापर्यंत सगळं त्याच करतात. त्यांचं मानधन सांगितलं तर तुम्हाला लाज वाटेल. निदान मला वाटली.

संचालक मंडळाने संगणकीकरण करायचं ठरवलं तेव्हा मी 'कोहा' सुचवलं. हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये तयार झालं. साल २००० लागताना त्यांचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडणार होतं आणि नवं विकत घेणं परवडणारं नव्हतं. 'कोहा' हा माओरी शब्द, अर्थ भेट. ज्यांनी बनवलं त्यांनी ते सगळ्यांना मोफत दिलं. मला वाटलं, आठवड्यात उभं करतो, आपांना दोन तासांत शिकवतो, संपलं.

कोहा खरंच दोन दिवसांत उभं राहिलं. पुस्तकांच्या नोंदी मात्र मी कॉलेजच्या दोन मुलांना बसवून एक्सेलमध्ये भरून घेतल्या आणि एका रात्रीत आत ढकलल्या. आपांना विचारलंही नाही. त्यांच्या जाड रजिस्टरांकडे मी जुना माल म्हणून पाहत होतो.

त्या शनिवारी आम्ही दोघं मिळून शोधायला बसलो. अमर शेख यांची आमच्याकडे तीन पुस्तकं. एकाची नोंद रोमन लिपीत, कारण टाइप करणाऱ्याला ते सोपं पडलं. दुसऱ्यावर 'शेक'. तिसऱ्यावर लेखकाच्या रकान्यात नुसतं 'शाहीर'. मी शेजारच्या कपाटातली नावं पाहू लागलो. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, महमद, मोहमद. एकच माणूस पाच ठिकाणी पाच माणसं होऊन बसला होता. 'ज़ाकिर' मधल्या नुक्त्याने आणखी घोळ घातला होता. 'ऱ्या' हे जोडाक्षरही संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं. दिसायला दोन्ही सारखी, पण एक शोधलं की दुसरं सापडेलच याची खात्री नाही. मराठी टाइप करायला युनिकोड आलं म्हणजे सगळं सुटलं, असं मानणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

आपांना हे तांत्रिक काही माहीत नव्हतं. पण त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न माझ्यापेक्षा खोल होता. "संत शेख महंमदांना तू कुठं घातलंस?" मी पाहिलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे, माझ्या यादीत 'महंमद, शेख' झाले होते. आडनाव आधी, नाव नंतर, या साच्यात मी सगळ्यांना ओतलं होतं. अमर शेखांचंही तसंच. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. 'शेख' हे त्यांनी घेतलेल्या नावाचा भाग, तर संतांच्या नावात तो पुढे लागलेला मान. शब्द एकच, काम वेगळं.

मजा अशी की साधनाला हे सगळं कळतं. ग्रंथनोंदीच्या 'मार्क' पद्धतीत लेखकाचा रकाना १०० क्रमांकाचा. त्यातल्या पहिल्या खुणेत ० दिलं तर सुरुवात व्यक्तिनामाने आहे असं समजतं, १ दिलं तर आडनावाने. एका लेखकाचं एक प्रमाण नाव ठरवून बाकीची सगळी रूपं त्याला जोडायची सोयही आहे. मग 'मेहबूब पटेल' शोधणाराही 'अमर शेख' पर्यंत पोहोचतो. मी ही खूण सगळ्यांना सरसकट १ दिली होती. पर्याय होता, तो वापरायला नावाची माहिती हवी होती, आणि ती आपांकडे होती.

यापुढची चूक सांगताना अजून अवघड वाटतं. ज्या पुस्तकांना वर्गांक नव्हता, त्यांच्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. आधीच्या नोंदींवरून, लेखकाचं नाव आणि शीर्षक पाहून तो विषयाचा अंदाज करायचा. वेळ वाचला म्हणून मी खूश होतो. आपांनी यादी वाचत वाचत बोट ठेवलं. हमीद दलवाई यांची कादंबरी 'इंधन', वर्गांक २९७.

ड्यूई दशांश पद्धतीत २९७ म्हणजे इस्लाम. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं. कोकणातल्या एका गावाची गोष्ट सांगणारी, मराठीत लिहिलेली कादंबरी माझ्या प्रोग्रामने धर्माच्या कपाटात पाठवली होती, कारण लेखकाचं नाव हमीद. 'योगसंग्राम' ही तिथेच. आधीच्या नोंदींत मुस्लिम नावाची बहुतेक पुस्तकं धार्मिक होती, त्यावरून यंत्राने नियम काढला. आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाचं स्वतःचं नावही त्याच कपाटात गेलं असतं.

शाळेत असताना मला कितीतरी जणांनी विचारलंय, तू मराठी इतकं चांगलं कसं बोलतोस? मला त्याचा राग यायचा. तोच प्रश्न मी आपल्या लेखकांना विचारून ठेवला होता, तोही कुणाला दिसणार नाही अशा जागी. माणसाने चुकीच्या कपाटात ठेवलेलं पुस्तक कुणीतरी उचलून बरोबर जागी ठेवतं. यादीतच चुकलेलं पुस्तक कुणी मागतच नाही.

तिसरी गोष्ट आपांनी स्वतःहून काढली. एक बाई पोटगीच्या कायद्यावरचं पुस्तक नेत होत्या. नंतर त्यांचे दीर येऊन विचारून गेले, आमच्या वहिनी काय वाचतात? आपांनी त्यांना वर्तमानपत्र हातात देऊन बसवलं होतं. "रजिस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये असतं," त्या म्हणाल्या, "तुझ्यातलं कोण कोण बघू शकतं?" मी तपासलं. संचालक मंडळातल्या चौघांना मी पूर्ण अधिकार देऊन ठेवले होते. कुणीही दोन क्लिकमध्ये कुणाचाही वाचनाचा इतिहास काढू शकला असता. पुस्तक परत आलं की त्या व्यवहारावरून वाचकाचं नाव काढून टाकायची सोय कोहात आहे, ती मी चालूच केली नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, तेव्हा मी फेसबुकवर मोठी पोस्ट लिहिली होती. आपांनी पोस्ट लिहिली नव्हती. त्या तो हक्क वर्षानुवर्षं ड्रॉवरला कुलूप लावून सांभाळत होत्या.

आता आम्ही उलट्या क्रमाने काम करतो. आधी आपा रजिस्टर वाचून नाव सांगतात, मग मी ते कुठे आणि कसं नोंदवायचं ते दाखवतो, मग त्या स्वतः नोंदवतात. सुरुवातीला माउस धरताना त्यांचा हात थरथरायचा. आता माझी स्पेलिंगची चूक त्या दुरूनच ओळखतात. रोज वीसेक पुस्तकं होतात. वेग कमी आहे, पण 'इंधन' कादंबऱ्यांत परत आलंय.

आपल्यातले कितीतरी तरुण आज आयटीत आहेत. समाजासाठी काही करायचं म्हटलं की आपण वेबसाइट बनवून देतो, अ‍ॅप बनवून देतो आणि निघून जातो. ज्याला ते रोज वापरायचं आहे त्याला 'शिकून घ्या' म्हणतो, तो चुकला की त्याच्या वयाला दोष देतो. माझं म्हणणं एवढंच की साधन शिकवायला जाणाऱ्याने त्या माणसाचं काम आधी शिकावं. निदान एक महिना त्याच्या शेजारी बसावं.

तुमच्या गावातल्या वाचनालयात या शनिवारी जा. यादी संगणकावर असेल तर चार नावं शोधून पाहा. अमर शेख, हमीद दलवाई, संत शेख महंमद आणि तुमच्या गावातला एखादा लेखक. सापडतात का, कुठल्या कपाटात सापडतात, ते पाहा. नाही सापडले तर भांडू नका. काउंटरवर जे कुणी असेल त्यांना सलाम करून विचारा, मी बसू का तुमच्याजवळ?