उतार वाचणाऱ्या

७ ऑगस्ट २०२१चा शनिवार. रोवणीचे दिवस, आणि मी पहाटेच उठून टीव्हीपुढे बसले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक गोल्फचा शेवटचा दिवस खेळत होती. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तुमच्यापैकीही बऱ्याच जणींनी हा खेळ त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला असेल.

जागतिक क्रमवारीत २००वी असलेली ही मुलगी. लांब फटक्यात बाकीच्या तिच्या पुढे. त्यात त्याच वर्षी कोविड होऊन अंगातली ताकद गेलेली. तरी पदकाच्या शर्यतीत ती टिकली, ती पटिंगच्या जोरावर. होलभोवती बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. तिथून चेंडू हलकेच ढकलून सव्वाचार इंचाच्या खळग्यात घालायचा, हे पटिंग. तिची बॅग सांभाळायला सोबत तिची आई होती, याचंच मला जास्त कौतुक.

मी सासरी होते, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. थोरल्या जाऊबाई शेतावर निघण्याआधी दारातच थबकल्या. "ही पोरगी घडीघडी खाली बसून काय पाहते गं?" मला सांगता येईना. त्याच म्हणाल्या, "उतार पाहत असन."

शेवटच्या होलवरचा पट पडला असता तर अदिती रौप्य-ब्राँझच्या प्लेऑफमध्ये असती. एका फटक्यानं पदक हुकलं, चौथी आली. माझ्या डोक्यात मात्र जाऊबाईंचं वाक्य राहिलं. मग मी मिळेल ते वाचत गेले.

ग्रीन दिसते सपाट, असते क्वचितच. चेंडू जोरात असतो तोवर उताराला फारसा जुमानत नाही. वेग मंदावला की वळू लागतो. म्हणून होलजवळच्या शेवटच्या दोन-तीन फुटांतला उतार सगळ्यात महत्त्वाचा. तो वरच्या बाजूनं नीट दिसत नाही, खालच्या बाजूला जाऊन बसावं लागतं. पाऊस पडला असेल तर पाणी कुठून वाहून जाईल, असा विचार केला तरी निम्मं उत्तर मिळतं. ओल्या गवतावर चेंडू हळू धावतो. काही खेळाडू तर चेंडू आणि होलच्या मध्ये पाय फाकवून उभे राहतात आणि कोणत्या तळव्यावर भार जास्त येतो त्यावरून उतार ओळखतात! मध्यंतरी ग्रीनचे चढउतार छापलेल्या तपशीलवार वह्या निघाल्या होत्या. २०२२पासून मोठ्या स्पर्धांना त्या बंद करण्याची मुभा मिळाली. उतार ओळखणं हे खेळाडूचं स्वतःचं कसब आहे, असं नियम करणाऱ्यांचं म्हणणं.

आता सांगा, हे कसब आपल्या गोंदिया जिल्ह्यात कोणाकडे आहे? आपल्याकडचे मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले, ते जमिनीचा कल ओळखून. नवेगाव बांधचा तलावही त्यातलाच. त्यांचं नाव निघतं, निघायलाच हवं. पण जन्मभर गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला कोण विचारतं? कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबतं आणि कुठली माती आधी उघडी पडते, हे तिच्या पायांना ठाऊक असतं. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून जमिनीच्या बोलण्यात तिला जागा नाही.

आमच्याच घरचं सांगते. २०२२च्या उन्हाळ्यात पुरुषमंडळींनी बसून दोन बांध्या एक करायचं ठरवलं. ट्रॅक्टर आला, धुरा मोडला, माती ओढली. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "उगवतीचा कोपरा खोल आहे, तिकडं अजून माती टाका." कोणी मनावर घेतलं नाही. मीही गप्प बसले, मला वाटलं दिसतंय तर सपाट. पावसाळ्यात त्या कोपऱ्यात धान सडलं आणि मावळतीच्या अंगाला भेगा पडल्या. त्या बांधीचं निम्मं पीक गेलं. पुढच्या वर्षी माती कुठून काढायची नि कुठं टाकायची, हे सांगायला जाऊबाईंना धुऱ्यावर उभं केलं. नुकसान झाल्यावर का होईना! धाकटे दीर मात्र अजून म्हणतात की तो पाऊसच विचित्र होता.

यंदा रोवणीला मी त्यांच्यामागे गेले. बांधीत पाणी सोडायचं होतं. मी धुऱ्यावरूनच बोट दाखवून सांगू लागले, पाणी कुठं जाईल ते. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही.

"वरून नाही दिसत," म्हणाल्या. "जोडे काढ अन् खाली ये आधी."