पैलवानाला वस्ताद, वस्तीला कोण?

1952 चे हेलसिंकी ऑलिंपिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव एक लांबलेली कुस्ती लढून थकून बाहेर आले आणि लगेच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावले गेले. नियमाने मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला भारताचा एकही पदाधिकारी जागेवर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

प्रशिक्षकाचे नेतृत्व म्हणजे काय, हे त्या रिकाम्या जागेने सांगितले आहे. डाव शिकवणे हे त्याचे निम्मे काम. खेळाडूला बोलता येत नाही तिथे त्याच्या वतीने बोलणे, हे उरलेले निम्मे. खाशाबांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. ते वस्ताद नव्हते, पण नेतृत्व त्यांनी केले.

आज साताऱ्यात पोलीस दलातले प्रवीण सावंत धनुर्विद्या शिकवतात. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये त्यांचे दोन शिष्य, साताऱ्याची 17 वर्षांची आदिती स्वामी आणि नागपूरहून शिकायला आलेला ओजस देवतळे, एकाच दिवशी जगज्जेते झाले. सांगलीत सिंहासने यांच्या व्यायामशाळेत पानटपरी चालवणाऱ्या बापाचा मुलगा संकेत सरगर घडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कोपर दुखावूनही त्याने 248 किलोंसह रौप्य मिळवले. सुवर्ण एका किलोने हुकले. त्याची बहीण काजलही वेटलिफ्टिंगमध्येच पुढे आली. टपरीवरच्या पोरात पदक दिसणे, मुलीला मुलाइतकीच जागा देणे, निवडीत नातेगोते न पाहणे, जखमी खेळाडूला थांबवण्याची हिंमत ठेवणे, हे चांगल्या प्रशिक्षकाचे गुण आहेत. शिट्टी आणि आरडाओरडा म्हणजे नेतृत्व नव्हे.

आपल्या देशात प्रशिक्षकांच्या सर्वोच्च पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे. ज्याने एकलव्याचा अंगठा मागितला, तो आदर्श गुरू कसा? हा प्रश्न आपण विचारत राहू. पण केवळ विचारून भागणार नाही. पालवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचा कप्तान म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. आमची मेहनत चालते, आमचे नेतृत्व चालत नाही, हा जुना हिशोब आहे. तो मोडायचा असेल, तर वस्तीतून खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही निघाले पाहिजेत. संघात कोण, बाकावर कोण, हे ठरवणाऱ्या खुर्चीत आपला माणूस बसला पाहिजे. आणि तिथे बसल्यावर त्याने कुणाचाच अंगठा मागू नये, कोणत्याही जातीच्या पोराचा!

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक घडवण्याचा अभ्यासक्रम आहे. सातारा-सांगलीतल्या जयंती मंडळांनी एक वर्ष डीजे बंद ठेवावा. त्या पैशातून एका होतकरू तरुणाला किंवा तरुणीला तिथे पाठवावे आणि परत आल्यावर बुद्धविहारासमोरचे मैदान त्यांच्या हाती द्यावे. साताऱ्याच्या ज्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी छोट्या भीमरावाचे नाव दाखल झाले, त्या शाळेच्या जिल्ह्यात एकही पोर मैदानाबाहेर उभे राहता कामा नये.

जय भीम!