मुक्कामी गाडी बंद होते तेव्हा...

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद घेऊन ही सेवा पुढे सह्याद्रीच्या कड्याकपारीत, मराठवाड्याच्या माळरानावर आणि विदर्भातील वनवासी पाड्यांपर्यंत पोहोचली. सायंकाळी गावात येऊन थांबणारी आणि पहाटे विद्यार्थी, भाजीवाले, रुग्ण यांना घेऊन तालुक्याला निघणारी मुक्कामी गाडी हे त्या ब्रीदाचे मूर्त रूप होते. तिच्या वेळेवर गावाचे घड्याळ चाले.

अनेक गावांत ते घड्याळ आज थांबले आहे. २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली, पाठोपाठ नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात प्रदीर्घ संप झाला. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या. त्या प्रमाणात नव्या आल्या नाहीत. कोरोनापूर्वी अठरा हजारांच्या घरात असलेला ताफा पंधरा हजारांच्या आसपास घसरला. गाड्या अपुऱ्या पडल्या की कोणती फेरी चालवायची, हा प्रश्न आगारप्रमुखापुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर भारमानाचे कोष्टक देते. लांब पल्ल्याची गाडी भरून जाते, वाडीवरची गाडी अर्धी रिकामी धावते. साहजिकच कात्री वाडीवरच्या फेरीला लागते. यात आगारप्रमुखाचा दोष नाही. दोष आहे तो त्याच्या हाती दिलेल्या मोजपट्टीचा.

शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला, मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत दिली. दोन्ही निर्णय स्वागतार्हच आहेत. ग्रामीण विद्यार्थिनींसाठी तर अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने मोफत पास पूर्वीपासूनच आहे. परंतु ज्या गावी गाडीच येत नाही, तेथे पासाचे करायचे काय? सकाळची फेरी रद्द झाली, तर मुलगा कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून शाळा गाठतो; मुलीला मात्र घरी बसवले जाते. शाळा सुटली की लग्नाची बोलणी सुरू होतात. वाचलेले डिझेल हिशेबात दिसते. तुटलेले शिक्षण कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

महामंडळाचा तोटा नाकारण्यात अर्थ नाही. जून २०२५ मध्ये मांडल्या गेलेल्या श्वेतपत्रिकेनुसार संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. मात्र, गैरव्यवस्थापनाचा तोटा वेगळा आणि सामाजिक कर्तव्याचा तोटा वेगळा. पहिला कठोरपणे रोखला पाहिजे. दुसऱ्याची रक्कम शासनाने स्वतंत्र तरतूद करून वेळेवर चुकती केली पाहिजे. शाळेच्या वेळेच्या फेऱ्या भारमानाच्या निकषातून वगळाव्यात, कमी प्रवाशांच्या मार्गांवर लहान गाड्या द्याव्यात आणि ग्रामसभेचे म्हणणे ऐकल्याशिवाय एकही मुक्कामी गाडी बंद करू नये. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयात रांगेतील शेवटचा माणूस आधी येतो. भारमानाच्या कोष्टकात तोच प्रथम गळतो.

समाजानेही अंतर्मुख व्हावे. पाच मिनिटे वाचावीत म्हणून वडापात बसायचे आणि एसटी बंद झाली की ओरड करायची, हे विसंगत आहे. आंदोलन कोणतेही असो, पहिला दगड एसटीच्याच काचेवर पडतो, हेही लज्जास्पद आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या परिसरात कोणत्या फेऱ्या बंद झाल्या आणि त्यामुळे किती मुली घरी बसल्या, याची गाववार नोंद करून आगारप्रमुखांची भेट घ्यावी. नुसत्या निवेदनापेक्षा अशा नोंदीला अधिक वजन असते.

१९४८ मध्ये ती पहिली गाडी जेथून व जेथपर्यंत धावली, त्यातील अहमदनगर आज अहिल्यानगर झाले आहे. घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधून वाटसरूंची सोय करणे हा अहिल्यादेवींनी राजधर्म मानला. शहराला दिलेले त्यांचे नाव आणि मुलींच्या पासावर असलेले त्यांचे नाव सार्थ करायचे, तर वाडीवरची पहाटेची गाडी पुन्हा सुरू झालीच पाहिजे.