द्विदल पिकें, मुळांच्या गांठी व युरियाची गोणी

हरभऱ्याचा वा तुरीचा बेवड चांगला, हें आपणां शेतकऱ्यांस कोणा शास्त्रज्ञानें सांगावें लागलें नाहीं. त्याचें कारण मात्र १८८६ सालीं हेलरीगेल नांवाच्या जर्मन पंडितानें प्रथम उघड केलें: द्विदल झाडांच्या मुळांवरील गांठींमुळें त्यांस हवेंतील नत्र मिळतो. हें काम त्या गांठींतील जंतु करितात, ही गोष्ट आज शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु गांठ धरण्यापूर्वीं मूळ व जंतु यांच्यांत जी देवघेव चालते, तिची माहिती फार थोड्यांस असते. ती असती, तर सोयाबीनच्या शेतांत युरियाची गोणी इतक्या सढळ हातानें मोकळी झाली नसती, असें आमचें मत आहे.

जंतूच्या सर्व कामांचे हुकूम त्याच्या ठिकाणीं जनुकांच्या रूपानें सांठविलेले असतात. पण कचेरींतील रुमाल जसा मागणीचा कागद आल्याखेरीज सुटत नाहीं, तसा गांठीच्या कामाचा रुमालही एरवीं बांधलेलाच असतो. हा मागणीचा कागद मुळाकडून येतो. मूळ कांहीं विशिष्ट द्रव्यें मातींत सोडतें. लसूणघासाचें तें द्रव्य ल्युटिओलिन होय, असें १९८६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत शॅरन लाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें. सोयाबीनचीं द्रव्यें निराळीं, जेनिस्टीन व डेडझीन. जंतूंत नॉड-डी नांवाचें एक प्रथिन जणूं दप्तरदारच बसलेलें असतें. त्यास आपल्या पिकाच्या द्रव्याची ओळख पटली म्हणजे गांठीचीं जनुकें जागीं होतात, व जंतु उलट जबाब पाठवितो. त्या जबाबाची घडण १९९० सालीं फ्रान्समधील तुलूज येथें उलगडली. शर्करेच्या चार-पांच कड्यांची ती सांखळी असून तिला चरबीची एक शेंपटी असते. लसूणघासाच्या जंतूच्या जबाबावर गंधकाचा जणूं शिक्का असतो. तो नसल्यास लसूणघास त्यास दार उघडीत नाहीं! महसुलाच्या कामांत आमचा जन्म गेला, पण इतकी चोख कागदपत्रें तेथेंही क्वचितच पाहिलीं.

जबाब पटला कीं मुळावरील बारीक केंस वळतात, जंतूस आंत घेतात, आणि गांठ वाढूं लागते. तरीही नत्राचें काम लगेच सुरू होत नाहीं. नत्र बांधणारें प्रथिन प्राणवायूनें बिघडतें. म्हणून गांठींत मोकळा प्राणवायु अत्यल्प झाला म्हणजेच त्या कामाचीं जनुकें चालूं होतात. प्राणवायु आवरून धरणारें द्रव्य आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याच्या जातीचें आहे. चालत्या गांठीचा गाभा गुलाबी दिसतो तो त्यामुळेंच.

आतां युरियाकडे वळूं. जमिनींत तयार नत्र मुबलक असला, तर झाड गांठी धरण्याचें स्वतःच आवरतें. कणगी भरलेली असतां उसनवारीस कोण जाईल? पेरणीच्या वेळची शिफारशीची अल्प मात्रा निराळी. आमचा आक्षेप पुढच्या घाईस आहे. बियांतील सांठा संपतो, गांठी अद्याप कामास लागलेल्या नसतात, पीक थोडें फिकें दिसतें, आणि शेजाऱ्यानें टाकला म्हणून आपणही टाकतों. पीक हिरवें होतें हें खरें. पण फुकटची कमाई सोडून तें विकतचें खाऊं लागतें. त्यापेक्षां पांचव्या आठवड्याच्या सुमारास चार झाडें कुदळीनें खणून काढावीं (उपटूं नयेत, गांठी मातींत राहतात), धुवावीं व गांठी कापून पाहाव्या. गुलाबी निघाल्या तर गोणी घरींच ठेवावी. पांढऱ्या वा हिरवट निघाल्या, अथवा गांठी मुळींच नसल्या, तर पाणी सांचलें होतें कीं जंतूच पोंचले नाहींत, हें शोधावें.

जंतूंचें संवर्धन घेतांना पाकिटावर आपल्या पिकाचें नांव व मुदत पाहून घ्यावी; हरभऱ्याचें पाकीट सोयाबीनच्या उपयोगाचें नाहीं. दहा किलो बियाण्यास अडीचशें ग्रॅम चोळून तें सावलींत सुकवावें. आणि संघाच्या चालकांस विनंति कीं, हीं पाकिटें वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं रचून ठेवूं नयेत. उन्हानें मेलेले जंतु कोणत्याही मुळास जबाब देत नाहींत, आणि शेतकरी मात्र संवर्धन खोटें म्हणून पुन्हा गोणीकडे वळतो.