कोणाच्या डोळ्यांनी?

गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. परवा ती पुन्हा पाहिली आणि सुरुवातीच्या प्रसंगाने मला पूर्वीसारखेच अस्वस्थ केले. चामड्याचे काम करणारा नथू (ओम पुरी) रात्रभर एका डुकराशी झटतो आहे. गुरांच्या डॉक्टरांना ते हवे आहे, एवढेच त्याला सांगितलेले. आपल्यालाही त्याहून अधिक माहिती नाही. पुढे तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते, आणि नथूबरोबर आपणही गुन्हेगार ठरतो.

हे चित्रपटाच्या पद्धतीचे, एका कॅमेऱ्याचे काम. प्रत्येक शॉटला दिवे बदला, जागा बदला, नटाकडून तेच पुन्हा करवून घ्या. वेळ जातो, पैसा जातो. पण कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहायची, हे दिग्दर्शकाला आधीच ठरवावे लागते. सेटवर तीन कॅमेरे एकदम लावले की ही निवड संकलनाच्या टेबलापर्यंत लांबवता येते. मग सासूच्या एका वाक्यावर घरातल्या प्रत्येकाचा चेहरा दाखवला जातो. प्रेक्षक सगळीकडे असतो आणि कोणाच्याच बाजूला नसतो.

रोज एक भाग देणाऱ्यांची अडचण मला कळते. एक कॅमेरा म्हणजे कलाकृती, असेही नाही. ताणलेल्या वेबमालिका पाहतोच आपण. कॅमेरे किती, हा हिशेब निर्मात्याने खुशाल करावा. पण गोष्ट कोणाची, हे लेखक-दिग्दर्शकाने पहिल्या शॉटआधी ठरवलेच पाहिजे.