मोजले न जाणारे श्वास

दोन वर्षांच्या मुलाला ‘छाती भरून श्वास घे आणि सारा जोर लावून सोड’ असे सांगून उपयोग नसतो. फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची रूढ पद्धत, स्पायरोमेट्री, मात्र याच आज्ञापालनावर उभी आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये तिचे यंत्र वैद्यकजगतापुढे मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर सैनिक, कारागीर, विमा उतरवू पाहणारे प्रौढ होते. पाच वर्षांखालील मूल त्या चौकटीत सहसा बसत नाही.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात ही उणीव फार महाग पडते. पेशींतून होणारी क्षार व पाणी यांची ये-जा बिघडल्याने श्वासनलिकांतील कफ चिकट होऊन साचतो व त्यात जंतू घर करतात. जन्मानंतरच्या सार्वत्रिक तपासणीत रोग कळलेल्या अर्भकांच्या फुफ्फुसांत तिसऱ्या महिन्यासच दोष आढळू शकतो, हे लंडनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. मूल वरकरणी ठीक दिसते. पुढे ते फुंकण्याजोगे मोठे झाले तरी स्पायरोमेट्रीचा आकडा कित्येकदा समाधानकारकच येतो, कारण लहान वायुमार्गांतील बिघाड त्यात उशिरा उमटतो.

यावर उपाय आहे. मुलाच्या तोंडावर घट्ट मुखवटा बसवायचा, समोर चित्रपट लावायचा आणि त्याला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यायचा. आत शुद्ध प्राणवायू जातो, फुफ्फुसांतला नायट्रोजन धुऊन निघतो. तो मूळच्या चाळिसाव्या हिश्श्यावर येईपर्यंत, फुफ्फुसांत विसावणाऱ्या हवेच्या किती पट हवा खेळवावी लागली, ते मोजायचे. निरोगी फुफ्फुसाला साधारण सात पट पुरते; तुंबलेल्याला अधिक लागते. यास लंग क्लिअरन्स इंडेक्स म्हणतात. ही कल्पना औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली नव्हे. दक्षिण आफ्रिकेत खाणमजुरांच्या धूळरोगांचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट बेकलेक यांनी ती १९५२ मध्ये मांडली. पुढे कित्येक दशके ती अडगळीत राहिली.

अडगळीतून ती बाजाराच्या दाराशी कशी आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांवरील एका औषधाच्या चाचणीत, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हाच निर्देशांक मुख्य कसोटी होता. स्पायरोमेट्रीने फरक दिसणे अवघड होते. त्याच कंपनीचे तीन घटकांचे नवे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हा त्याची वार्षिक छापील किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक होती. ते दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एप्रिल २०२३ मध्ये खुले झाले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत एका रुग्ण महिलेने सक्तीच्या परवान्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. ज्या देशात मजुरांच्या छातीवरून हे मोजमाप शिकले गेले, त्याच देशात औषधासाठी ही पाळी यावी!

भारतातील प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. येथे या रोगासाठी सर्व नवजात बालकांची तपासणी होत नाही. ‘हा गोऱ्यांचा आजार’ ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. परिणामी असे मूल वारंवारचा न्यूमोनिया, क्षय किंवा कुपोषण या नावांखाली वर्षानुवर्षे फिरते. मोजमापाची फूटपट्टीही परकीच. तीन ते पंच्याण्णव वर्षे वयासाठी २०१२ मध्ये जी जागतिक स्पायरोमेट्री-समीकरणे निघाली, त्यांत भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गट नव्हता.

क्षय आणि कुपोषणाने गांजलेल्या देशाला ही चैन कशाला, असा आक्षेप पुरोगामी वर्तुळातूनही येतो. तो प्रामाणिक असेल, पण हिशेबाला धरून नाही. निदानाची पहिली पायरी घामातील क्लोराइड मोजण्याची आहे आणि ती काही महागडी नव्हे. श्वास मोजण्याच्या चाचणीतही खर्चाचा मोठा भाग यंत्रानंतर सुरू होतो: मुलाला तासभर रमविणारा, मुखवट्यातली गळती ओळखणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ. हाच माणूस दम्याच्या मुलांची आणि दगडखाणीतील मजुरांची स्पायरोमेट्रीही करू शकतो. खाजगी रुग्णालयाला एका मुलामागे तासभर घालविणे परवडत नाही. सरकारी रुग्णालयात यंत्राची खरेदी होते, फीत कापली जाते, तंत्रज्ञाचे पद मात्र रिक्त राहते.

तेव्हा आरोग्याच्या अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी विचारावे: आपल्या भागातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घामचाचणी होते काय, आणि श्वासचाचणीच्या तंत्रज्ञाची किती पदे मंजूर असून किती भरलेली आहेत?