भोगव्याला काही नाही

बेळगावच्या पोरांना समुद्र म्हटला की गोवा आठवतो. चोर्ला घाट उतरायचा, कळंगुट नाहीतर बागा गाठायचं, झालं. पण आपल्या गावाचा जुना समुद्र वेंगुर्ल्याचा. मुरगावची आगगाडी सुरू व्हायच्या आधी बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ला बंदरात उतरायचा आणि आंबोली घाट चढून वर यायचा. धबधब्यापायी नाव झालेली आंबोली त्या काळात या वाटेवरचा मुक्काम होती. गेल्या डिसेंबरात आम्ही त्याच घाटानं खाली उतरलो आणि सावंतवाडी, कुडाळ, परुळे करत भोगव्याला पोचलो.

कर्ली नदी समुद्राला मिळते त्याच्या दक्षिणेला हे गाव. पलीकडच्या काठावर देवबाग. आमचं हॉटेल म्हणजे माडांखाली सहा खोल्या आणि एक ओसरी. टीव्ही नाही. मोबाइलची रेंज ओसरीच्या एका कोपऱ्यात, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर. माझा सोळा वर्षांचा भाचा पहिल्या संध्याकाळी दोनदा किनाऱ्यावर जाऊन आला आणि म्हणाला, "आत्या, इथं काहीच नाहीय गं. तीन दिवस करायचं काय?"

खायचं होतं. सकाळी घावणे, दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. हे सगळं मालकीणबाई स्वतः करायच्या आणि आदल्या रात्रीच विचारून ठेवायच्या, "उद्या किती भाकऱ्या?" रात्री दिवे मालवले की लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्सवरच्या दीपगृहाचा उजेड लुकलुकताना दिसायचा. भाच्यानं तो किती सेकंदांनी येतो ते मोजलं. यावरून त्याला किती कंटाळा आला होता ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. दोराचं एक टोक काठावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धगोल घेत जाळं सोडत येते आणि दुसरं टोक बरंच लांब पुन्हा काठाला आणून देते. मग दोन्हीकडून माणसं दोर ओढत राहतात आणि हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकतात. बायका, म्हातारे, शाळकरी पोरं, सगळी असतात. तास दोन तास सहज जातात. आम्ही उभं राहून बघत होतो, तर एक आजोबा भाच्याकडं बघून ओरडले, "बघतंस काय रे झिला? दोरेक हात लाव!"

त्यानं लावला. सुरुवातीला हसत होता, नंतर गप्प झाला, कारण दोर ओला, खरखरीत आणि भलता जड. जाळं काठाला आलं तेव्हा त्यात तारली बरीच, बांगडे थोडे आणि एक खेकडा, जो लगेच निसटला. ज्यानं दोर ओढला त्याला वाटा, ही रापणीची रीत. पाहुण्यालाही चुकली नाही. सहा बांगडे हातात घेऊन तो हॉटेलवर आला. तळहात सोलले होते, पण ते आम्हाला त्यानं रात्री दाखवले.

मालकांचा भाऊ याच रापणीत आहे. संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर ते सांगत होते, की पूर्वीसारखी मासळी आता काठाला येत नाही. खोल पाण्यात पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका थवेच्या थवे उचलतात. राज्य सरकारनं २०१६ मध्ये त्या जाळ्यांवर निर्बंध आणले, केंद्रानं २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली. पण रात्री समुद्रावर लख्ख उजेड दिसला, की इथली माणसं अजून शिव्या घालतात.

"मग तुम्ही वॉटर स्पोर्ट्स का नाही सुरू करत?" भाच्यानं विचारलं. प्रश्न वावगा नव्हता. समोर देवबागला बोटी, पॅरासेलिंग, सगळं चालतं, आणि त्यावर कित्येक कोळी घरांतली पोरं मुंबईला न जाता गावात राहिली आहेत. ते वाईट झालं असं मला तरी म्हणवत नाही. मालकांनाही म्हणायचं नव्हतं, त्यांचा चुलतभाऊच तिथं बोट चालवतो. ते एवढंच म्हणाले, "रापण ओढूक रेती मोकळी व्हयी. हय खुर्च्यो मांडल्यो तर ती खंय ओढूची?"

म्हणजे आम्ही ज्याला काहीच नाही म्हणत होतो, ती मोकळी वाळू गावाची कामाची जागा होती. ती मोकळी ठेवायची तर हॉटेलच्या धंद्यात नुकसान सोसावं लागतं, आणि पावसाळ्यात खोल्या बंदच असतात. जून आणि जुलै मासेमारीलाही बंदी. वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत करायची.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. आधी फोन करा. रापण लागलेली असेल तर दोराच्या आतल्या बाजूनं पोहायला उतरू नका, आणि फोटो काढायच्या आधी विचारा, बायकांना तर नक्कीच.

निघायच्या सकाळी आम्ही बिल देत होतो तेव्हा मालकांना फोन आला. एकतीस डिसेंबर, पंचवीस माणसं, किनाऱ्यावर डीजे लावायला परवानगी हवी होती. सहाच्या सहा खोल्या दोन रात्री भरल्या असत्या. मालक जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डीजे नाय जमूचो. बाकी येवा." पलीकडून फोन ठेवला गेला. आतून मालकीणबाईंनी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काय नाय," आणि आमचे सुटे पैसे मोजायला लागले.